टॉपिंग घातलं की फ्राइज मऊ पडतात: दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं कसं

तक्रार बहुतेक सगळ्यांची एकच असते. ताजे बटाटे सोलले, उभे कापले, तळले. कढईतून काढताना फ्राइज सोनेरी, झाऱ्यात खडखड वाजणारे. मग वर चीज सॉस ओतला, कांदा-टोमॅटो पसरला, ताटली टेबलावर नेली आणि तिसऱ्या घासालाच काप काट्यावरून लोंबायला लागला. तळाशी तर लगदाच. पुढच्या वेळी जास्त तळून बघावं, तर बाहेरून करपट आणि आतून पुन्हा तेच. माझं बरेच महिने असंच चाललं होतं. कधी तेल बदललं, कधी बटाटे, कधी सॉस आणखी दाट केला, पण मूळ दोष कुठे आहे हे न बघता दुरुस्ती करत राहिले.

एकदा तळलेले फ्राइज कागदावर पसरून ठेवले होते. पाच मिनिटांनी कागद उचलला, तर खालच्या स्टीलच्या ताटावर बारीक थेंब जमलेले. वाटलं तेल असेल. बोट फिरवून पाहिलं तर पाणी होतं. तेव्हा कोडं सुटलं. कच्च्या बटाट्यात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं. तळताना कडेचं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि तिथे कोरडं, कडक कवच तयार होतं. गाभ्यातलं पाणी मात्र बरंचसं तसंच राहतं. कढईतून काढल्यावरही ते वाफेच्या रूपानं बाहेर यायचा प्रयत्न करत असतं. वाट मोकळी असेल तर हवेत जातं, नसेल तर कवचातच जिरतं. वरून सॉस ओतला की दुसऱ्या बाजूनंही पाणी येतं आणि वाफेची वाटही बंद होते. म्हणून फ्राइज मऊ पडले की मी एकच विचारते: हे पाणी आतून आलं की वरून?

आधी दहा काप बाजूला काढा

काहीही बदलण्याआधी नेहमीच्याच पद्धतीनं फ्राइज करा. फक्त तळून झाल्यावर दहा काप जाळीवर सुटे ठेवा, त्यांना टॉपिंग लावू नका. बाकीच्यांवर नेहमीसारखं टॉपिंग घाला. पाच मिनिटं थांबा आणि दोन्हीकडचा एकेक काप मधोमध मोडून बघा.

जाळीवरचे कापही वाकत असतील तर सॉसला बोल लावू नका, दोष तळणीत किंवा त्याच्या आधीच्या तयारीत आहे. जाळीवरचे कडक आणि ताटलीतले मऊ असतील तर तळणीला हात लावू नका, टॉपिंग आणि वाढण्याची रीत बघा. आणि आत शिजायच्या आधीच बाहेरून तपकिरी डाग पडत असतील तर दोष बटाट्यातल्या साखरेचा आहे. त्यासाठी पाच मिनिटं थांबायचीही गरज नाही.

जाळीवरचेही मऊ पडले तर

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट बटाट्याची. काही बटाटे शिजल्यावर भुसभुशीत, पिठूळ होतात. काही चिकट आणि घट्ट राहतात. तळायला पिठूळ हवेत, कारण त्यांत स्टार्च जास्त आणि पाणी कमी असतं. अमेरिकेतला रसेट बरबँक, ब्रिटनमधला मॅरिस पायपर, नेदरलँड्समध्ये तयार झालेला आणि बेल्जियममध्ये तळणीसाठी नावाजलेला बिन्ट्ये, हे तळण्यासाठी ओळखले जाणारे वाण. पण बाजारात पुष्कळदा वाण लिहिलेलाच नसतो. अशा वेळी एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा. पिठूळ बटाटा जड, तो बुडतो. चिकट बटाटा तरंगतो. एकाच पिशवीतले काही बुडाले आणि काही तरंगले तर बुडालेले तळायला घ्या, तरंगलेले रश्शाला ठेवा.

दुसरी गोष्ट जाडीची. टॉपिंगच्या फ्राइजसाठी काप साधारण १ सेंटीमीटर जाडीचे हवेत. काडीसारखे बारीक काप नुसते खायला मजेदार लागतात, पण सॉसखाली दम धरत नाहीत. जाडी सगळ्यांची सारखीही हवी, नाहीतर बारीक करपेपर्यंत जाडे कच्चेच राहतात.

कापल्यावर पाणी नितळ येईपर्यंत धुवा. चिरताना फुटलेल्या पेशींतला स्टार्च कापांना चिकटून असतो; तो तसाच राहिला तर काप एकमेकांना चिकटतात आणि डागाडागांनी लाल होतात.

आता सगळ्यात जास्त फरक पाडणारी पायरी, आणि हीच लोक टाळतात: तळण्याआधी व्हिनेगरच्या पाण्यात उकळणं. एक लिटर पाण्याला एक टेबलस्पून पांढरं व्हिनेगर आणि एक टेबलस्पून मीठ. थंड पाण्यातच काप घाला, उकळी आणा आणि त्यानंतर मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटं ठेवा. बटाट्याच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना धरून असतात. साध्या पाण्यात तो बांध लवकर सैल होतो आणि काप मोडतात. आंबट पाण्यात पेक्टिन सावकाश विरघळतं, त्यामुळे काप आतून शिजतो तरी आकार धरून राहतो. शिवाय कच्च्या बटाट्यातली थोडी साखर पाण्यात उतरते, म्हणजे रंगाची कटकटही कमी होते. व्हिनेगरचा वास येईल ही भीती मलाही होती. तळल्यावर काही कळत नाही.

चाळणीत ओतल्यावर लगेच फडक्यात गुंडाळू नका. पसरट ताटात काप सुटे मांडा आणि त्यांची वाफ जाऊ द्या. दोन-तीन मिनिटांत त्यांचा रंग बदलताना दिसतो: आधी ओलसर, चकचकीत, पिवळसर असतात, मग हळूहळू पांढुरके आणि खरखरीत होतात. कडांना बारीक पिठासारखा थर दिसतो. हाच थर तळल्यावर कवच होणार असतो. काप चकचकीत असतील तोवर तेलात टाकू नका.

मग दोनदा तळायचं. एका तळणीत दोन्ही कामं होत नाहीत. तेल कमी तापलेलं असेल तर कवच धरत नाही, जास्त तापलेलं असेल तर गाभ्याचं पाणी निघायच्या आत बाहेरचा रंग पुढे जातो. पहिली तळण साधारण १५० अंश सेल्सियसला, चार-पाच मिनिटं, रंग न येता. उकळलेले काप आत शिजलेलेच असतात, त्यामुळे इथे काम फक्त पातळ कवच धरायचं आणि पाणी कमी करायचं. मग काढून, पसरून, किमान अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या. तेवढ्या वेळात आतलं पाणी कवचापर्यंत सरकतं आणि दुसऱ्या तळणीत बाहेर पडतं. दुसरी तळण १७५ अंशांना, तीन मिनिटांच्या आसपास.

गार होण्याच्या जागी फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवले तर आणखी चांगलं. घरगुती फ्रीजरमध्ये पाणी सावकाश गोठतं, बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते पेशींच्या भिंती फोडतात. मग तळताना वाफेला बाहेर पडायला असंख्य वाटा मिळतात आणि गाभा हलका, फुललेला होतो.

तेल मोजण्याचा थर्मामीटर घेणं शक्य असेल तर जरूर घ्या. नसेल तर कान आणि डोळे वापरा. काप टाकल्यावर जोरात खळखळ होते, ती पाणी बाहेर पडण्याची. दुसऱ्या तळणीत बुडबुडे मोठ्यांचे बारीक होत जातात, आवाज उतरतो आणि झाऱ्यानं हलवताना कापांचा कोरडा खुळखुळ आवाज येतो. तो आला की काढा. बुडबुडे जोरात असतानाच, केवळ रंग आला म्हणून काढले, तर तेच काप पाच मिनिटांत वाकतात.

गर्दी करू नका. एक लिटर तेलात एका वेळी २०० ग्रॅमपर्यंत काप, गोठवलेले असतील तर त्याहून कमी. गार काप भरपूर टाकले की तेल एकदम उतरतं आणि पुन्हा तापेपर्यंत बटाटा त्यात तळला न जाता नुसता शिजत राहतो.

आणि तळून झाल्यावर कागद नको, जाळी हवी. कागदावर खालची बाजू स्वतःच्याच वाफेत बसते. माझ्या ताटावरचे ते थेंब तिथूनच आले होते. पण जाळीवर ठेवण्याआधी झारा तेलावरच जोरात झटका. फ्राइज जे तेल पितात ते बरंचसं कढईबाहेर पितात: गार होताना आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. तेलकट फ्राइजवर झटकण्याइतका साधा उपाय दुसरा नाही. मीठ याच वेळी भुरभुरवा, तेलाचा ओलावा असताना ते चिकटतं. चीज खारट असतं, तेव्हा हात आखडता ठेवा.

रंग आधी येतो, शिजतं नंतर

बटाटे फ्रीजमध्ये ठेवले होते का, हे आधी आठवा. थंडीत बटाटा आपल्या स्टार्चची साखर करायला लागतो. ही साखर आणि बटाट्यातली अमिनो आम्लं तापली की तपकिरी रंग धरतो, आणि साखर जास्त म्हणजे रंग वेळेआधी. असे बटाटे तेल कितीही सांभाळलं तरी डागाळतात. फ्राइजचे बटाटे अंधाऱ्या, हवेशीर, गार जागी ठेवा, पण फ्रीजमध्ये नको. आधीच फ्रीजमध्ये गेलेले असतील तर दोनेक आठवडे बाहेर, १५ ते २० अंशांच्या आसपास ठेवल्यावर त्यांतली साखर पुष्कळशी कमी होते. तेवढा धीर नसेल तर ते उकडून खा, तळू नका.

हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. स्टार्चचे पदार्थ खूप तापवले की त्यांत ॲक्रिलामाइड हे कर्करोगाचा धोका वाढवू शकणारं रसायन तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी समोर आणलं. रंग जितका गडद, तितकं ते जास्त. २०१८ पासून युरोपीय संघात लागू असलेल्या नियमांत तळणीचे बटाटे ६ अंशांच्या वर साठवावेत आणि तेल शक्यतो १७५ अंशांच्या खाली ठेवावं असं सांगितलं आहे. म्हणून मी दुसरी तळण १७५च्या पुढे नेत नाही आणि सोनेरी पिवळ्यावर थांबते.

उकळल्यावर काप करडे दिसतात ही वेगळी गोष्ट. ती बटाट्यातल्या लोहाची करामत. व्हिनेगरच्या पाण्यात ती बरीच आटोक्यात राहते. आणि कापून उघडे ठेवल्यावर काळे पडत असतील तर ते हवेमुळे. कापलेले लगेच पाण्यात टाका, प्रश्न मिटला.

जाळीवरचे कडक, ताटलीतले मऊ

तळण जमली आहे. आता वरून येणारं पाणी अडवायचं.

सॉस पातळ असेल तर तो फ्राइजवर बसत नाही, त्यांच्यात उतरतो. मी चौघांसाठी एक टेबलस्पून लोण्यात दोन टेबलस्पून मैदा मिनिटभर परतते, त्यात २०० मिलिलीटर गरम दूध थोडं थोडं घालून गुठळ्या न होऊ देता आटवते. मग गॅस बंद, आणि त्यानंतरच १२० ग्रॅम किसलेलं चेडार चीज. चीज उकळलं की त्यातली प्रथिनं आवळतात आणि तूप सुटावं तशी चरबी वेगळी होते. असा फाटलेला सॉस म्हणजे वर तेल आणि खाली पाणी, आणि ते पाणी सरळ फ्राइजमध्ये जातं. तयार किसलेलं पाकिटातलं चीज सॉसला टाळा. किस चिकटू नये म्हणून त्याला लावलेल्या भुकटीमुळे सॉस रवाळ होऊ शकतो. दाटपणा बघायला चमच्याची पाठ सॉसमध्ये बुडवा आणि बोटानं रेघ ओढा. रेघ मिटली नाही तर सॉस तयार.

बाकीच्या गोष्टींतलं पाणी आधी काढा. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाका, फक्त भिंती बारीक चिरा, चिमूटभर मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत निथळत ठेवा. वाटीभर टोमॅटोतून खाली किती पाणी गळतं ते एकदा पाहिलंत की पुन्हा तसाच टोमॅटो वर टाकणार नाही. मशरूम त्यांचं पाणी आटून कडा लाल होईपर्यंत परता. खिमा किंवा राजम्याचं टॉपिंग असेल तर चमचा ओढल्यावर पातेल्याच्या तळाशी वाट उघडी राहील इतकं आटवा. बाटलीतल्या हालापेन्यो मिरच्या फडक्यानं टिपून घ्या.

आता रचना. तापलेल्या फ्राइजवर सगळ्यात आधी किसलेलं चीज भुरभुरवा. ते वितळून जो स्निग्ध थर होतो तो पाण्याला अडवतो. त्यावर आटवलेला खिमा किंवा राजमा, मग गरम सॉस. टोमॅटो, पातीचा कांदा आणि मेयोनीज अगदी शेवटी. मेयोनीजमध्ये पाण्यापेक्षा तेल कितीतरी जास्त, त्यामुळे ते फ्राइजना फारसा त्रास देत नाही. सावर क्रीम किंवा दह्याचा सॉस मात्र आधी फडक्यात टांगून घट्ट करून घ्या.

सॉस सगळीकडे फासू नका. तिरप्या रेघांत ओढा, कापांची टोकं उघडी राहू द्या, म्हणजे वाफ तिथून निघेल. खोलगट बाऊल नको. पसरट ताटली घ्या आणि तीही कोमट करून. गार ताटलीवर खालची वाफ लगेच पाणी होते. एकावर एक दोन थर रचून मध्ये सॉस घालायचा मोह मला फार काळ सुटला नव्हता, दिसायला ते भरगच्च दिसतं. पण खालच्या थराला ना हवा मिळते ना जागा. एकच थर लावा, संपला की दुसरी ताटली.

इतकं करूनही जास्त वेळ टिकायला हवे असतील, म्हणजे बरेच जण जेवायला आहेत आणि सगळे एकदम बसणार नाहीत, तर उकळून वाफ गेलेल्या ५०० ग्रॅम कापांना पहिल्या तळणीआधी दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर हलक्या हातानं चोळा. कारखान्यात तयार होणाऱ्या कित्येक फ्रोझन फ्राइजना असाच पातळ, न दिसणारा स्टार्चचा लेप असतो, म्हणून ते उशिरापर्यंत कुरकुरीत राहतात. घरी याचा तोटा एवढाच की तेल लवकर गढूळ होतं.

कॅनडाच्या क्युबेक प्रांतातलं, १९५० च्या दशकात रूढ झालेलं पुटिन करायचं असेल तर मात्र हा सगळा खटाटोप त्याच मापानं मोजू नका. ताज्या चीजचे गोळे आणि वरून गरम, तपकिरी ग्रेव्ही अशी ती ताटली आहे, ग्रेव्हीनं थोडं मऊ होणं हा तिचा भागच. तिथे फक्त ग्रेव्ही टेबलावर ओता आणि लगेच खा.

एअर फ्रायर वापरणाऱ्यांसाठी: उकळण्याची आणि वाफ जाऊ देण्याची पायरी सोडू नका, ५०० ग्रॅमला एक टेबलस्पून तेल चोळा आणि टोपलीत एकच थर ठेवा. कवच तळलेल्यापेक्षा पातळच येतं, तेव्हा सॉस वरून न ओतता बाजूला वाटीत द्या.

तेलाबद्दल एक गोष्ट बजावून सांगते. कढई अर्ध्याच्या वर भरू नका आणि तापत्या तेलाजवळून हलू नका. तेलानं पेट घेतला तर पाणी कधीही ओतायचं नाही. गॅस बंद करायचा, घट्ट झाकण घालायचं आणि कढई जागची हलवायची नाही.

पाहुणे येणार असतील तर उकळणं आणि पहिली तळण आदल्या दिवशी उरकून घ्या. काप ताटात सुटे गोठवा आणि मग पिशवीत भरा. दुसऱ्या दिवशी टोमॅटो निथळत ठेवा, सॉस करा, ताटल्या कोमट करा आणि सगळे बसले की मगच दुसरी तळण सुरू करा. गोठलेले काप वितळू देऊ नका, बर्फाचं पाणी होऊन पुन्हा पृष्ठभागावर येतं. वरचा बर्फाचा भुगा झटकून, थोडे थोडे करत, सरळ तेलात सोडा.